ब्रिज: नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून करायचा व्यायाम

आपल्याकडे पायांचा व्यायाम म्हटला की प्रथम बैठका आठवतात. आखाड्यातल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे चवड्यांच्या पुढे जातात आणि बराचसा भार मांडीच्या पुढच्या बाजूवर येतो. त्यामुळे नियमित बैठका मारणाऱ्याची मांडी पुढून भरते, पण मांडीची मागची बाजू आणि नितंब यांच्या वाट्याला त्या मानाने कमी काम येते. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांच्या बाबतीत तर हे स्नायू बहुतेक वेळ केवळ बसण्याची गादी म्हणूनच वापरले जातात. ही उणीव भरून काढणारा, कोणतेही साधन न लागणारा, गुडघ्यांना सहसा न दुखवणारा आणि साठीच्या माणसालाही पहिल्या दिवसापासून करता येण्याजोगा एक व्यायाम आहे. व्यायामशाळांमध्ये त्याला ग्लूट ब्रिज किंवा नुसतेच ब्रिज म्हणतात.

पाठीवर झोपायचे, गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर टेकायचे आणि कंबर वर उचलायची, एवढेच त्याचे वर्णन. वर्णन इतके सोपे असल्यामुळेच तो व्यायाम बहुधा चुकतो. उचलण्याचे काम कमरेचे स्नायू परस्पर करून टाकतात, बघणाऱ्याला कंबर छान वर गेलेली दिसते आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते नितंब मात्र निवांत राहतात. म्हणून पुढील मजकुरात कंबर किती वर न्यावी याबद्दल थोडे आणि भार नेमका कुठे जाणवला पाहिजे याबद्दल अधिक सांगितले आहे.

सेतुबंधासन येणाऱ्यांना ही स्थिती ओळखीची वाटेल. दोन्हींचे नाते आहेच, परंतु हेतू वेगळे असल्यामुळे तपशीलही वेगळे पडतात. आसनात छाती हनुवटीकडे न्यायची, पाठीला बाक द्यायचा आणि श्वास संथ ठेवून त्या स्थितीत स्थिर राहायचे असते. ताकदीसाठी ब्रिज करताना पाठीला बाक द्यायचा नसतो. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे शरीर फळीसारखे एका रेषेत ठेवून हालचाल खुब्याच्या सांध्यातून करायची आणि ती मोजून पुन्हा पुन्हा करायची असते. वर्षानुवर्षे आसने करणारी मंडळी नेमकी इथेच अडखळतात, कारण छाती वर काढण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

काम कोणत्या स्नायूंचे

नितंबाचा जाड मांसल थर म्हणजे ग्लुटिअस मॅक्सिमस, शरीरातला आकाराने सर्वांत मोठा स्नायू. तो श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या वाडग्यासारख्या हाडांच्या कड्याच्या, मागच्या भागापासून आणि माकडहाडाच्या परिसरातून निघतो व मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला, तसेच मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याकडे उतरणाऱ्या जाड पट्ट्याला जाऊन मिळतो. जिना चढताना, जमिनीवरून उठताना किंवा धावताना मांडी मागे रेटण्याचे काम मुख्यतः त्याचे असते. त्याच्या वर, बाहेरच्या अंगाला असलेला ग्लुटिअस मिडिअस हा स्नायू आपण एका पायावर आलो की श्रोणी तोलून धरतो. चालताना प्रत्येक पावलाला त्याची गरज लागते.

हॅमस्ट्रिंग हे एका स्नायूचे नाव नाही, तो तीन स्नायूंचा गट आहे. मांडीच्या मागे बाहेरच्या बाजूला बायसेप्स फिमोरिस आणि आतल्या बाजूला सेमिटेंडिनोसस व सेमिमेम्ब्रेनोसस असतात. खुर्चीवर बसून टाच जमिनीवर जरा दाबली आणि गुडघ्यामागे दोन्ही कडांना बोटे लावली, तर दोरीसारख्या ताठ झालेल्या ज्या कंडरा हाताला लागतात, त्या याच स्नायूंच्या. टणक बाकावर बसल्यावर जी दोन हाडे टोचतात तिथून हा गट सुरू होतो आणि गुडघा ओलांडून नडगीच्या वरच्या भागाला चिकटतो. बायसेप्स फिमोरिसचा एक आखूड भाग तेवढा मांडीच्या हाडापासूनच निघतो. म्हणजे हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे जवळपास सर्व बारकावे आपोआप उलगडतात, कारण गुडघा किती दुमडला आहे यावर हॅमस्ट्रिंगना किती काम करता येईल हे बऱ्याच अंशी ठरते.

जागा आणि मांडणी

पलंगावर किंवा जाड गादीवर हा व्यायाम करू नये. गादी टाचेखाली दबते आणि जोर वाया जातो. फरशीवर दुहेरी घडी घातलेली सतरंजी किंवा साधी योगा मॅट पुरेशी असते. पाय अनवाणी असावेत, मोजे घातल्यास टाचा घसरतात. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत, विशेषतः ज्यांना आंबट पाणी घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांनी, कारण या व्यायामात पोट छातीपेक्षा वर जाते. डोक्याखाली काही घ्यायचेच असेल तर एखादी पातळ घडी घ्यावी. जाड उशीने मान पुढे वाकते आणि कंबर उचलल्यावर मानेवर नको तेवढा दाब येतो.

पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडावेत. तळपायांमध्ये खुब्यांइतके अंतर असावे, पावले समांतर किंवा अगदी किंचित बाहेर वळलेली चालतील. टाचा नितंबांपासून किती दूर ठेवायच्या हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. हात अंगालगत सरळ ठेवून बोटांची टोके टाचांना जेमतेम लागावीत, असे त्यावर सामान्यतः सांगितले जाते. सुरुवातीला ते ठीक आहे, पण प्रत्येकाच्या हातापायांची लांबी सारखी नसते. त्यामुळे खरी तपासणी कंबर वर नेल्यानंतर करावी. त्या वेळी नडगी जमिनीशी साधारण काटकोनात उभी दिसली पाहिजे. गुडघे चवड्यांच्या पुढे झुकले असतील तर टाचा फार जवळ आहेत, आणि नडगी डोक्याकडे कललेली असेल तर त्या फार लांब आहेत.

हे अंतर म्हणजे या व्यायामातली किल्ली आहे. टाचा जवळ घेतल्या की गुडघा जास्त दुमडतो, हॅमस्ट्रिंग आधीच आखडलेले असल्यामुळे त्यांना फारसा जोर लावता येत नाही आणि उचलण्याचा भार नितंबांवर पडतो. टाचा दूर नेल्या की हॅमस्ट्रिंगचा वाटा वाढत जातो. एका पायावरच्या ब्रिजमध्ये गुडघा ९० अंशांऐवजी १३५ अंशांपर्यंत दुमडला असता हॅमस्ट्रिंगचे काम बरेच घटते आणि नितंबांचे मात्र जवळपास तेवढेच राहते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्नायूंची विद्युत हालचाल मोजून दाखवण्यात आले होते. नवशिक्याने मात्र या आकड्यांच्या मागे न लागता आधी काटकोन साधावा.

कमरेखालचा पंचा

कंबर उचलण्यापूर्वीची तयारी ही मला उचलण्याइतकीच महत्त्वाची वाटते. ती शब्दांनी समजावणे अवघड जाते, म्हणून एक घरगुती युक्ती सांगतो. एक पातळ पंचा घेऊन तो कमरेच्या पोकळीखाली आडवा सरकवावा आणि त्याचे एक टोक हातात धरावे. सैल झोपलेले असताना पंचा ओढला तर तो सहज निघून येतो, कारण कंबर आणि जमीन यांच्यात फट असते. आता पंचा पुन्हा आत सरकवून सावकाश श्वास सोडावा, सोडता सोडता ओटीपोट आत घ्यावे आणि माकडहाडाचे टोक छताकडे किंचित वळवावे. श्रोणी मागच्या बाजूला कलते, कमरेची फट मिटते आणि पंचा दाबला जातो. या वेळी ओढून पाहिल्यास तो अडकलेला जाणवला पाहिजे. तो इतकाही घट्ट दाबू नये की मान आणि जबडा आवळला जाईल. पंचा ओढायला गेल्यावर जरासा विरोध झाला की काम झाले.

ही लहानशी कलाटणी टिकवून मगच कंबर उचलायची. ती सुटली की कमरेचे स्नायू पुढाकार घेतात आणि नितंब मागे राहतात. पहिले आठ-दहा दिवस केवळ पंचा दाबणे आणि सोडणे एवढेच दहा वेळा करून मग ब्रिजकडे वळले तरी तो वेळ वाया जात नाही.

उचलणे, थांबणे, उतरणे

हात अंगालगत, तळवे जमिनीकडे. पंचा दाबलेला. आता दोन्ही नितंब आवळावेत आणि टाचांनी जमीन दाबत, श्वास सोडत, कंबर वर न्यावी. वर जायला साधारण दोन सेकंद लागावेत. चवडे जमिनीवर टेकलेले असले तरी जोर टाचेतून आला पाहिजे. ते जमत नसेल तर पायांची बोटे वर उचलून धरावीत, म्हणजे जोर आपोआप टाचेकडे जातो. टाचा जागच्या न हलवता त्या स्वतःकडे ओढल्याचा मनात भाव ठेवला तर हॅमस्ट्रिंग अधिक कामाला लागतात. याउलट टाचा पुढे लोटल्या की मांडीची पुढची बाजू भरून येते.

खांदे, खुबे आणि गुडघे एका तिरक्या रेषेत आले की थांबावे. याच्या वर जाण्यासारखे खुब्याच्या सांध्यात फारसे काही उरत नाही. त्यापुढची प्रत्येक बोटभर उंची कमरेच्या बाकातून येते. बरगड्यांची खालची कड छताकडे उफाळून आली असेल तर आपण मर्यादा ओलांडली असे समजून दोन-तीन बोटे खाली यावे. भार दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर असावा, मानेवर नसावा, आणि वर असताना शेजारी ठेवलेल्या मोबाइलमध्ये डोकावण्यासाठी मान वळवू नये. आपण कसे दिसतो हे पाहायचेच असेल तर चित्रफीत काढून नंतर पाहावी.

वरच्या स्थितीत दोन ते तीन सेकंद थांबावे आणि त्या अवधीत एका हाताची बोटे नितंबावर दाबून पाहावीत. मळलेल्या कणकेसारखा मऊ लागला तर तो काम करत नाही हे निश्चित. तो घट्ट लागला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. बऱ्याच जणांना पहिल्या दिवशी एक बाजू घट्ट व दुसरी सैल आढळते. यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र सैल बाजू लक्षात ठेवावी, पुढे एका पायाचे ब्रिज सुरू करताना ती माहिती लागणार आहे.

उतरताना श्वास घेत, तीन सेकंद मोजत, कंबर सावकाश खाली आणावी. धपकन खाली टाकलेली कंबर म्हणजे अर्धा व्यायाम सोडून दिला असे मानायला हरकत नाही, कारण भार सावरत लांब होतानाही स्नायू तितकेच शिकत असतात. खाली टेकल्यावर लगेच उसळी मारून वर न जाता, पंचा पुन्हा दाबला गेला आहे की नाही याची खात्री करावी आणि मगच पुढची खेप घ्यावी. पूर्ण व्यायामात श्वास कुठेही कोंडू नये. रक्तदाब वाढलेल्यांनी तर ही सूचना काटेकोरपणे पाळावी.

सुरुवात दहा-दहाच्या तीन फेऱ्यांनी करावी आणि दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर विश्रांती घ्यावी. दहा जमत नसतील तर सहाच कराव्यात, पण त्या सहाही नितंबांनी केलेल्या असाव्यात. आठवड्यातून तीन वेळा, एक दिवसाआड, एवढे पुरे होते. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे, आणि त्या हिशेबात हा व्यायाम सहज बसतो. नव्याने सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नितंब आणि मांडीची मागची बाजू ठणकते. हा ठणका चालण्या-फिरण्याने कमी होतो आणि साधारण तीन दिवसांत ओसरतो.

कुठे चुकते

पहिली तक्रार कमरेची. मी स्वतः हा व्यायाम सुरू केला तेव्हा कोणी सांगणारे नव्हते आणि कंबर जितकी वर जाईल तितके चांगले अशी माझी समजूत होती. दीडेक महिना मी मोठ्या अभिमानाने कमान करत राहिलो. मग एके सकाळी दात घासायला वाकलो असता कमरेत अशी उसण भरली की बेसिनची कड धरून पाच मिनिटे तसाच उभा होतो. नंतर पंचा घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली तेव्हा उंची निम्मी झाली आणि दहाव्या खेपेला नितंब थरथरू लागले. तोवर ते कधीच थरथरले नव्हते. ब्रिज करताना कंबर दुखत असेल तर उपाय हाच की उंची कमी करावी, पंच्याची पायरी पुन्हा घ्यावी, आणि तरीही दुखले तर व्यायाम थांबवावा.

दुसरी तक्रार मांडीच्या मागे गोळा येण्याची. कंबर वर जाते न जाते तोच मांडीच्या मागे स्नायू आखडून दगडासारखा होतो आणि माणूस कळवळून पाय झटकतो. ब्रिजमध्ये गुडघा दुमडलेला आणि खुबा सरळ झालेला असल्यामुळे हॅमस्ट्रिंग त्यांच्या आखूड अवस्थेत असतात. त्यात नितंबांनी कामचुकारपणा केला तर सगळा जोर त्यांनाच लावावा लागतो आणि पेटका येतो. गोळा आल्यास पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढावा, तो सुटेपर्यंत थांबावे आणि त्या दिवशी पुन्हा तेवढा हट्ट करू नये. पुढच्या वेळी टाचा चार बोटे जवळ घ्याव्यात, आधी नितंब आवळून मग उचलण्याचा क्रम पाळावा आणि वर थांबण्याचा वेळ एका सेकंदावर आणावा. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे गोळे दोन-तीन आठवड्यांत बंद होतात. म्हणून केवळ गोळा येतो या कारणाने व्यायाम सोडू नये.

गुडघे एकमेकांकडे कलणे ही तिसरी चूक, आणि ती करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. यावर घरातली जुनी ओढणी उपयोगी पडते. ती दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर, खुब्यांइतक्या अंतरावर सैलसर बांधावी आणि उचलताना गुडघ्यांनी तिला बाहेरच्या बाजूला हलकेच ताणून धरावे. गुडघे आत येऊ लागले की ओढणी सैल पडते आणि ते लगेच कळते. शिवाय बाहेर ताणण्याच्या या प्रयत्नात नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूही जागे होतात. यासाठी बाजारात रबरी पट्ट्या मिळतात, परंतु पहिल्या महिन्यात त्यांची गरज नाही.

कोणी विचारून करावा

कंबरदुखीची कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खुब्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, सिझेरियननंतर थोडेच दिवस झाले असतील, किंवा हॅमस्ट्रिंग ताजे दुखावलेले असतील, तर डॉक्टरांना अथवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नये. गरोदरपणात चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ झोपणे टाळायला सांगतात, कारण वाढत्या गर्भाशयाचा दाब पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतो; त्या काळात आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच काय ते ठरवावे.

पुढच्या पायऱ्या

दोन्ही पायांवर पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, कंबर न दुखता आणि गोळा न येता, होऊ लागल्या की संख्या वाढवत नेण्यात अर्थ नाही. पन्नास-साठ ब्रिज सहज करणारे लोक असतात, पण त्यापुढे वाढतो तो दम; ताकद वाढण्यासाठी प्रत्येक खेप अवघड करावी लागते.

पहिली पायरी जागच्या जागी चालण्याची. ब्रिजमध्ये वर थांबून एक तळपाय जमिनीपासून वीतभर उचलायचा, टेकवायचा आणि मग दुसरा उचलायचा. पाय उचलताना त्या बाजूचा खुबा खाली ढळतो, आणि तो ढळू न देणे हाच इथला व्यायाम आहे. पाहायला कोणी नसेल तर एक लाकडी फूटपट्टी ओटीपोटावर, श्रोणीच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आडवी ठेवावी. पाय बदलताना पट्टीचे एक टोक खाली गेले तर खुबा ढळला. अंगात सुती कपडा असावा. गुळगुळीत ट्रॅक पँटवरून पट्टी घरंगळून छातीकडे येते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

त्यानंतर एका पायाचा ब्रिज. एक गुडघा छातीशी ओढून दोन्ही हातांनी धरायचा आणि दुसऱ्या टाचेवर जोर देऊन कंबर उचलायची. गुडघा छातीशी धरल्यामुळे कमरेला बाक देण्याची वाटच बंद होते, त्यामुळे उंची बरीच कमी होते. ती तशीच राहू द्यावी. सहा ते आठ खेपा, प्रत्येक बाजूला तीन फेऱ्या. फेरीची सुरुवात नेहमी सैल बाजूने करावी आणि बळकट बाजूने तेवढ्याच खेपा कराव्यात, जास्त नाही; एरवी फरक मिटण्याऐवजी वाढत जातो. हे साधल्यावर मोकळा पाय हातांनी न धरता, मांडी दुसऱ्या मांडीला समांतर ठेवून हवेत सरळ धरता येतो. इथे श्रोणी वळते का, याकडे पुन्हा लक्ष द्यावे लागते.

इथपर्यंत मुख्य लाभ नितंबांना झालेला असतो. हॅमस्ट्रिंगसाठी आता टाचा दूर न्यायच्या. दोन्ही पायांच्या ब्रिजमध्ये वर थांबून टाचांनी लहान लहान पावले टाकत, गुडघे जवळपास सरळ होईपर्यंत पुढे जायचे आणि तसेच मागे यायचे, कंबर न टेकवता. चार वेळा जाऊन येणे हे पहिल्या दिवशी भरपूर होते. पावले मोठी टाकली की कंबर हेलकावे खाते, म्हणून ती टाचेच्या लांबीपेक्षा मोठी नसावीत.

याहून कठीण प्रकार घरच्या गुळगुळीत फरशीवर करता येतो. टाइल्स किंवा संगमरवर असेल तर उत्तम. खडबडीत शहाबादीवर तो साधत नाही. दोन्ही टाचांखाली एकेक सुती नॅपकिन घ्यायचा, पाठीखाली सतरंजी असावी पण टाचा तिच्या बाहेर फरशीवर याव्यात. ब्रिजमध्ये वर जायचे आणि चार-पाच सेकंद घेत टाचा पुढे सरकवत न्यायच्या, खुबे शक्य तितका वेळ उचललेले ठेवून. पाय सरळ झाले की कंबर टेकवायची, टाचा आरामात मागे आणायच्या आणि पुन्हा वर जायचे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे केवळ हे बाहेर जाणेच करावे, पाच-पाचच्या दोन फेऱ्या. त्यात पकड आली की मग कंबर हवेत ठेवूनच टाचा परत आत ओढण्याचा प्रयत्न करावा. पहिल्यांदा टाचा अर्ध्यावरच अडकतात आणि माणूस हसू लागतो. हसू आले की कंबर खाली येतेच, तेव्हा ती खेप मोजू नये.

लांब होताना भार सावरण्याची ही ताकद धावणाऱ्यांना विशेष हवी असते. वेगात धावताना पाऊल जमिनीवर पडण्याच्या जरा आधी नडगी पुढे झेपावत असते आणि हॅमस्ट्रिंग लांब होता होता तिला आवरत असतात. हे स्नायू फाटण्याचे प्रसंग बऱ्याचदा याच क्षणी आणि बहुतांशी बाहेरच्या बाजूच्या बायसेप्स फिमोरिसमध्ये घडतात. खो-खोत खुंटाकडे झेपावणारा किंवा कबड्डीत मध्यरेषेकडे पळत सुटणारा खेळाडू मांडीच्या मागे हात धरून अचानक थांबतो, ते यामुळे.

अशा खेळाडूंसाठी स्वतःच्या वजनावर करायचा आणखी एक व्यायाम आहे, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. गुडघ्यांखाली जाड घडी घेऊन गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरायचे आणि खुब्यात न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून, होईल तितके सावकाश पुढे कलत जायचे. तोल सावरेनासा झाला की हात पुढे टेकून स्वतःला झेलायचे आणि हातांनी जमीन ढकलून परत वर यायचे. डेन्मार्कमधील ५० फुटबॉल संघांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे हा व्यायाम केलेल्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती बऱ्याच कमी आढळल्या होत्या, आणि फुटबॉलपटूंसाठी तयार केलेल्या फिफा ११+ या सरावक्रमातही त्याचा समावेश आहे. नॅपकिनचा प्रकार व्यवस्थित येऊ लागल्याखेरीज याच्या वाटेला जाऊ नये, आणि पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पाच-पाचच्या दोन फेऱ्यांपलीकडे जाऊ नये. त्यानंतरचा ठणका जिना उतरताना आठवण करून देतो. घोटे धरायला कोणी नसेल तर ते जड दिवाणाच्या खालच्या पट्टीत अडकवता येतात, मात्र आधी दोन्ही हातांनी दिवाण ओढून तो हलत नाही याची खात्री करून घ्यावी आणि घोट्यांवर टॉवेल गुंडाळावा, नाहीतर पट्टीची कड कातड्याला लागते.